जेठातलं ऊन, आषाढात उलटणाऱ्या गाई

इंदूरजवळच्या देपालपूरहून एका शेतकऱ्याचा प्रश्न: चार वर्षांचा संकरित होल्स्टीन वळू मे महिन्यात दुपारभर धापा टाकायचा. आता पाऊस होऊन तीन आठवडे झाले, वळू खातो-पितो, अंगावर चांगला आहे. तरी जुलैत फळवलेल्या सहा गाईंपैकी चार उलटल्या, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आल्या. दुकानदार म्हणतो, एन्झाईमची पावडर द्या. द्यावी का?

देऊ नका. शुक्राणूला लागणारी एन्झाईमं पोटातून मिळत नाहीत. तोंडाने दिलेलं एन्झाईम म्हणजे एक प्रथिनच, ते पचनात मोडून जातं. खरी एन्झाईमं शुक्राणू वृषणात घडत असतानाच त्याच्यात भरली जातात, आणि तो तयार झाला की भरणा कायमचा बंद होतो.

वळूत एक शुक्राणू घडायला साधारण ६१ दिवस लागतात: मूळ पेशींच्या विभाजनाला २१, गुणसूत्रं निम्मी करणाऱ्या विभाजनाला २३, आणि गोल पेशीला डोकं-शेपूट येऊन आकार मिळायला १७. पुढे अधिवृषणात, म्हणजे वृषणाला चिकटलेल्या आणि शुक्राणू पिकवून साठवणाऱ्या नळीत, आणखी ८ ते ११ दिवस.

मधल्या २३ दिवसांत एक गंमत होते. एक्स गुणसूत्र तेवढ्यापुरतं मिटून बसतं. साखरेतून ऊर्जा काढायला लागणाऱ्या पीजीके या एन्झाईमचं नेहमीचं जनुक नेमकं त्याच गुणसूत्रावर असतं. म्हणून दुसऱ्या गुणसूत्रावरचं राखीव जनुक चालू होतं आणि पीजीके-२ बनवतं. एलडीएच-सी४ हे वृषणाचं खास एन्झाईमही याच टप्प्यात दिसू लागतं. १९६३ साली ते माणसाच्या वृषणात ओळखलं गेलं. शेपटीला वळवळायला बळ मिळतं त्यात या मंडळींचा मोठा वाटा आहे. शेवटच्या १७ दिवसांत डोक्यावर टोपीसारखी पिशवी बसते. तिच्यात हायल्युरॉनिडेझ असतं, अंड्याभोवतीचा चिकट थर सोडवणारं, आणि ॲक्रोसिन असतं, तेही आधी निष्क्रिय रूपात. याच सुमारास डीएनए इतका घट्ट गुंडाळला जातो की प्रथिन बनवण्याचा नवा निरोप त्यातून निघत नाही. आधी लिहून ठेवलेल्या निरोपांवर उरलेली प्रथिनं बनतात आणि मग काम थांबतं.

आता ऊन. वृषणाचं तापमान शरीरापेक्षा ४-५ अंशांनी कमी असावं लागतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या आसपास गेला की ते राखणं वळूला जमत नाही, संकरिताला तर माळवी वळूपेक्षाही कमी. सगळ्यात जास्त मार खातात त्या विभाजनातल्या आणि गोल अवस्थेतल्या पेशी. म्हणजे ज्या दिवशी चटका बसला त्या दिवशीचं वीर्य ठीकच दिसतं. बिघाड तीन-चार आठवड्यांनी बाहेर येतो.

हिशेब करा. ऊन २० जूनला सरलं असं धरा. त्या दिवशी विभाजनात नुकतीच शिरलेली पेशी २३, १७ आणि १० मिळून ५० दिवसांनी बाहेर पडणार, म्हणजे ९ ऑगस्टच्या आसपास. तोवर गाई कृत्रिम रेतनाने भरवा. वळू दोन महिने रिकामा बसला असेल तर पहिल्या एक-दोन वेळचं वीर्य साठून राहिलेलं, शिळं असतं, त्यावरून निकाल लावू नका. ऑगस्टच्या शेवटी पशुवैद्यकाकडून हालचाल आणि आकार दोन्ही तपासून घ्या. खुरकूत किंवा गोचीडतापात चढलेला तापही असंच करतो, तेव्हा तापाची तारीख वहीत लिहून ठेवावी. पुढच्या उन्हाळ्यात ११ ते ४ सावली, वरून पाण्याचा फवारा आणि खेळती हवा हवी. हवा कोंडलेल्या गोठ्यात नुसता फवारा मारला तर दमटपणा वाढून त्रासच होतो.

सांवेरहून प्रश्न: वळूला सरकीची ढेप चालते का?

दुभत्या गाईला बेताने चालते, पैदाशीच्या वळूला मी देणार नाही. सरकीत गॉसिपॉल असतं. प्रयोगशाळेत ते हेच एलडीएच-सी४ अडवतं, आणि वळूत शुक्राणूच्या मधल्या भागाचं, जिथे ऊर्जाकेंद्रांची गुंडाळी असते तिथलं, नुकसान करतं. चीनमध्ये पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून त्याच्या चाचण्याही झाल्या होत्या. कच्ची सरकी जास्त वाईट; तापवून दाबलेल्या ढेपेत बरंचसं गॉसिपॉल प्रथिनाला बांधलं जातं, तरी नि:शंक नव्हे. वाढत्या वळूला तर दोन्ही नकोच. माळव्यात सोयाबीनची पेंड सहज मिळत असताना हा धोका कशाला? बदल केल्यावर फरक दिसायला पुन्हा तेच दोन महिने. सोबत रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण द्या. त्यातलं सेलेनियम जीपीएक्स-४ या एन्झाईमात जातं, आणि तेच पुढे मधल्या भागाचं वेष्टण होऊन बसतं. सेलेनियमची इंजेक्शनं मात्र मनाने टोचू नका. गरज आणि विष यांत अंतर थोडं आहे.

महूकडचा प्रश्न: रेतनाची कांडी, म्हणजे गोठवलेल्या वीर्याची बारीक नळी, खिशात धरून वितळवली तर चालेल?

नाही. द्रव नायट्रोजनच्या उणे १९६ अंशांवरून सावकाश वर येताना बर्फाचे कण पुन्हा मोठे होतात आणि शुक्राणूचा पडदा फाटतो. पडदा फाटला की आतली एन्झाईमं द्रवात सांडतात. प्रयोगशाळेत बाहेर सांडलेलं एलडीएच मोजूनच किती पेशी फुटल्या याचा अंदाज घेतात. सांडलेलं परत भरता येत नाही. ३७ अंशांचं पाणी, थर्मामीटर लावून. बोटाने अंदाज घेऊ नका. ३० सेकंद बुडवा. मग कांडी कोरडी पुसा, कारण पाण्याचा एक थेंबही शुक्राणूला मारक असतो. रेतनाची गन (कांडी बसवायची नळी) आधी हाताने चोळून कोमट करा, आणि दहा-पंधरा मिनिटांत रेतन उरका. कांडी काढताना कॅनिस्टर (कांड्या ठेवलेलं आतलं भांडं) नायट्रोजनच्या डब्याच्या मानेखालीच ठेवा. पाच-सात सेकंदांत चिमट्यात आली नाही तर परत आत सोडा, थोडं थांबा, मग पुन्हा काढा.