काढ्याला सुरुवात करताय? आधी एवढंच

ताई, एकदम डझनभर पुड्या आणू नका. ओवा, आलं आणि गवती चहा सुरुवातीला पुरे.

पोट फुगलं तर चिमूटभर ओवा सैंधवाबरोबर चावून वर कोमट पाणी. सर्दीला गवती चहाची दोन-तीन पाती नि ठेचलेलं आलं पाच मिनिटं झाकून उकळा. झाकण हवंच, नाहीतर वास सगळा स्वयंपाकघरात आणि कपात नुसतं गरम पाणी!

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- कडक तेवढा गुणकारी समजून काढा आटवणं. मग जळजळ.
- वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवणं. आजी रागावल्या तरी नाही.
- रक्त पातळ होण्याची गोळी चालू असताना डॉक्टरांना न विचारता आल्याचा मारा.

ताप दोन दिवसांत उतरला नाही तर सरळ दवाखाना. गुळवेलीचं नंतर बघू. तिच्यासारख्या दिसणाऱ्या वेली बऱ्याच असतात.