संत्रा बागेत तणासाठी मेंढ्या: कधी सोडायच्या, किती आणि बोर्डोचं काय

भाऊ, काटोलकडच्या 8 वर्षांच्या आंबिया बहाराच्या (जानेवारी-फेब्रुवारीत फुलणाऱ्या) बागेत तणनाशकाऐवजी मेंढ्या चालतील का, असं तुम्ही विचारलंय. चालतील, पण तोडणी आटोपून बाग ताणावर असते, म्हणजे फुलोऱ्यासाठी पाणी तोडलेलं असतं, तेव्हाच. झाडावर फळ नसतं, जमीन कोरडी असते. पावसाळ्यात ओल्या काळ्या मातीत कळप फिरला की जमीन दबते आणि मेंढ्यांचे खूर सडतात. नवी फूट निघायच्या आत कळप बाहेर काढा, कोवळी पालवी त्या सोडत नाहीत.

खरा धोका बोर्डोचा, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकाचा. डिंक्यासाठी (बुंध्यातून डिंक गळण्याचा बुरशीचा रोग) आपण 1 किलो मोरचूद (तांब्याचा क्षार), 1 किलो चुना आणि 10 लिटर पाण्याची पेस्ट बुंध्याला लावतो. मेंढ्या साल चाटतात, कुरतडतात. गायीला सोसतं तेवढं तांबं मेंढीला सोसत नाही, ते यकृतात साठत जातं. कित्येक आठवडे मेंढी ठणठणीत दिसते, मग अचानक चारा सोडते, डोळे पिवळे पडतात, लघवी काळपट लाल होते. तोवर बहुतेकदा उशीर झालेला असतो. म्हणून बुंध्यापासून वीतभर अंतर सोडून कोंबडी-जाळी उभी करा. पोतं गुंडाळू नका, आत ओल राहून डिंक्यालाच आमंत्रण मिळतं. झाडांवर कॉपर ऑक्सिक्लोराइड हे तांब्याचं बुरशीनाशक फवारलं असेल तर ते खालच्या गवतावरही पडलेलं असतं. त्या हंगामात चराई नकोच. गायीचं खनिज मिश्रणही मेंढ्यांना देऊ नका, त्यात तांबं असतं.

किती मेंढ्या? 1 मीटर बाय 1 मीटर जागेतलं गवत कापून तोला. अर्धा किलो भरलं तर एकरी सुमारे 2 टन, त्यातला तिसरा हिस्सा तुडवण्यात गेला असं धरा. मेंढी दिवसाला 4 ते 5 किलो हिरवं खाते, म्हणजे 100 मेंढ्यांना एक एकर साधारण 3 दिवस पुरतं. मोजक्याच मेंढ्या महिनाभर ठेवल्या तर त्या आवडीचं निवडून खातात आणि नकोसं तण माजतं.

लव्हाळा वरून खाल्ला तरी गाठींतून पुन्हा फुटतो. गाजरगवत मेंढ्या सहसा टाळतात, ते फुलायच्या आधी उपटा. धुऱ्यावरची घाणेरी विषारी आहे, कळप यायच्या आधी काढून टाका. ठिबकच्या नळ्या गुंडाळून फांद्यांवर टाका. कळपात शेळ्या असतील तर त्या बाहेर ठेवायला मेंढपाळाला आधीच सांगा, मागच्या पायांवर उभ्या राहून त्या फांद्या ओरबाडतात. रात्री मेंढ्या बसवायच्या तर दोन ओळींच्या मधोमध बसवा आणि रोज जागा बदला.