लेखनिक, नोट्स आणि दुसरा मजला : दिव्यांग विद्यार्थ्यांचे प्रश्न

नव्या सत्राच्या सुरुवातीला आलेल्या प्रश्नांपैकी पाच इथे घेतले आहेत. यातल्या बहुतेक अडचणी परीक्षेच्या तोंडावर कळतात, पण त्यांचे मूळ सत्राच्या पहिल्या महिन्यात न दिलेल्या अर्जात असते.

मी पूर्ण अंध आहे, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मागच्या सत्रात पेपरच्या दिवशी केंद्रावर माझा लेखनिक (मी सांगेन ते उत्तर लिहिणारा) नाकारला. यंदा काय करू?

लेखनिक नाकारला जाण्याची कारणे ठरलेली असतात : तो त्याच वर्गातला निघतो, त्याच्याकडे बोनाफाईड किंवा ओळखपत्र नसते, किंवा महाविद्यालयाचे परवानगीपत्र केंद्रप्रमुखांपर्यंत पोचलेलेच नसते. म्हणून परीक्षा अर्ज भरतानाच प्राचार्यांच्या नावे वेगळा अर्ज द्या. त्यात लेखनिक आणि भरपाई वेळ या दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे मागा, यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगत्वाचे सरकारी ओळखपत्र) प्रत जोडा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घ्या. तोंडी होकारावर विसंबू नका. ज्यांनी होकार दिला ते लिपिक परीक्षेच्या दिवशी रजेवर असू शकतात.

वेळेचा हिशेब सोपा आहे. केंद्र सरकारच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तासाला किमान 20 मिनिटे भरपाई वेळ मिळते. म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास, दोन तासांच्या पेपरला 40 मिनिटे आणि 45 मिनिटांच्या अंतर्गत चाचणीला 15 मिनिटे. अंतर्गत चाचण्यांत ही मागणी हमखास राहून जाते. त्याच सूचनांनुसार वेगवेगळ्या विषयांना वेगवेगळे लेखनिक घेता येतात, मात्र एका विषयाला एकच. ऐनवेळी लेखनिक आजारी पडला तर बदलण्याची मुभाही आहे, म्हणून एक राखीव नाव अर्जातच लिहा. लेखनिकाच्या शैक्षणिक पात्रतेसाठी आपल्या विद्यापीठाचे चालू परिपत्रकच पाहा, सीनियरने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले जुने नको.

कागदपत्रांइतकाच सराव महत्त्वाचा आहे. लेखनिकासोबत किमान दोन जुने पेपर घड्याळ लावून सोडवा. नवा परिच्छेद, अधोरेखन, खोडणे आणि "मागची दोन वाक्ये वाच" यांसाठी ठरावीक शब्द पक्के करा. आधी संपूर्ण प्रश्नपत्रिका दोनदा वाचून घ्यायची, मगच उत्तर सांगायला सुरुवात करायची. विशेषनामांचे लेखन अक्षराअक्षराने सांगायची सवय ठेवा, कारण इतिहासाच्या पेपरात चुकीचे लिहिलेले नाव तुमच्याच खाती जमा होते. स्वतंत्र खोलीही मागा. इतरांमध्ये बसवले तर पर्यवेक्षक हळू बोला म्हणतात आणि लेखनिकाला निम्मे ऐकू येत नाही.

मला अध्ययन अक्षमता आहे. दहावी-बारावीला सवलत मिळाली. आता महाविद्यालय म्हणते, प्रमाणपत्र जुने झाले. हे बरोबर आहे का?

दुर्दैवाने, बहुधा बरोबर आहे. केंद्राच्या जानेवारी 2018 च्या अधिसूचनेनुसार विशिष्ट अध्ययन अक्षमतेची तपासणी 14 व्या आणि 18 व्या वर्षी पुन्हा करावी लागते. 18 व्या वर्षी मिळालेले प्रमाणपत्र मात्र कायमचे असते. बारावीची परीक्षा बहुतेक जण सतराव्या-अठराव्या वर्षी देतात, त्यामुळे पदवीला येईपर्यंत नेमकी हीच फट राहून जाते.

आधी दिव्यांग प्रमाणपत्रासाठीच्या सरकारी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा, मग नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात जा. तिथे पहिल्यांदा डोळे आणि कान तपासतात, नंतर बुद्ध्यांक चाचणी आणि शेवटी वाचन, लेखन, गणिताच्या चाचण्या होतात. हे एका फेरीत क्वचितच उरकते, म्हणून अठरावा वाढदिवस झाल्या झाल्या तारीख घ्या. जुने प्रमाणपत्र, शाळेच्या वह्या आणि प्रगतिपुस्तके सोबत न्या.

सवलतींसाठी सहसा मागितल्या जाणाऱ्या 40 टक्क्यांच्या खाली अक्षमता आली तरी दार बंद होत नाही. विकाश कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 11 फेब्रुवारी 2021 रोजी स्पष्ट केले, की लेखनिकाची सोय 40 टक्क्यांच्या अटीत बांधून ठेवता येणार नाही. लिहिण्यात अडचण असल्याचे सरकारी वैद्यकीय प्रमाणपत्र मात्र विहित प्रपत्रातच हवे. खासगी डॉक्टरांची चिठ्ठी चालत नाही.

सरांच्या मराठी नोट्स एनव्हीडीए (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर) वाचत नाही, नुसती इंग्रजी अक्षरे बडबडते. दोष माझ्या संगणकाचा आहे का?

नाही, दोष फाईलचा आहे. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर 'क' दिसतो, पण आत रोमन अक्षराचा किंवा एखाद्या चिन्हाचा संकेत साठवलेला असतो. स्क्रीन रीडर आकार पाहत नाही, संकेत वाचतो. खात्री करायची तर दोन ओळी कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. तिथे निरर्थक रोमन अक्षरे आली, तर फाईल युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला संकेत देणाऱ्या पद्धतीत नाही.

सरांकडे पीडीएफ नको, मूळ वर्ड फाईल आणि फॉन्टचे नेमके नाव मागा. त्याच फॉन्टसाठीच्या कन्व्हर्टरमधून मजकूर युनिकोडमध्ये काढा. श्रीलिपीचेही अनेक प्रकार आहेत, चुकीचा निवडला तर सगळा गोंधळ होतो. रूपांतरानंतर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार तपासा. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी व्यंजनाआधी आणि रफार नंतर टाइप केलेला असतो, युनिकोडमध्ये क्रम उलटा असतो, त्यामुळे चुका तिथेच होतात.

पाने स्कॅन केलेली असतील तर काम वेगळे आहे. 300 डीपीआयला, एका वेळी एकच पान, सरळ ठेवून स्कॅन करा. पुस्तक उघडे ठेवून दोन पाने एकत्र घेतली, की मधल्या घडीजवळचा मजकूर वाकतो आणि ओळी एकमेकींत मिसळतात. ती फाईल गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडली की मराठी मजकूर निघतो. ध-घ, भ-म, थ-य आणि अंक मात्र डोळस माणसाकडून तपासून घ्या. हे काम एनएसएसच्या मुलांना प्रत्येकी एक प्रकरण याप्रमाणे वाटता येते आणि ते उत्तम करतात. शेवटी मथळ्यांना वर्डमधली हेडिंग शैली द्या. मग एनव्हीडीएच्या ब्राउझ मोडमध्ये एच दाबून एका मथळ्यावरून पुढच्यावर जाता येते. नुसता ठळक केलेला मथळा त्याला मथळा म्हणून कळतच नाही.

पुस्तके स्कॅन करताना ग्रंथपाल कॉपीराइटची शंका काढतात. 2012 च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याच्या कलम 52(1)(झेडबी) नुसार दिव्यांग वाचकासाठी असे रूपांतर करण्यास मुभा आहे. स्कॅनरपाशी बसण्याआधी सुगम्य पुस्तकालय या दिव्यांग वाचकांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयात ते पुस्तक आहे का, ते पाहा.

शिष्यवृत्तीचा अर्ज मंजूर दिसतो, पैसे आले नाहीत.

बँकेत जाऊन विचारा, की आधार खात्याशी नुसते जोडले आहे की थेट लाभासाठी एनपीसीआयकडे (बँकांमधील देवाणघेवाण सांभाळणारी संस्था) त्याच खात्याची नोंद आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पैसे दुसरीवरून येतात. अर्ज महाविद्यालयाच्या पडताळणीतच अडकला असेल तर तिथल्या नोडल अधिकाऱ्याला अर्ज क्रमांक लेखी द्या. एकाच वर्षी दोन शिष्यवृत्त्यांचे अर्ज भरून ठेवू नका.

मी व्हीलचेअर वापरते. माझे तास दुसऱ्या मजल्यावर आहेत, लिफ्ट नाही. मित्र उचलून नेतात.

हे थांबायला हवे. उचलणाऱ्यांचा पाय घसरला तर दुखापत तुम्हाला होते, आणि कोणी आले नाही की तुमचा तास बुडतो. लिफ्टला वर्षे लागतील, वेळापत्रक आठवड्यात बदलते. म्हणून अर्जात पहिली मागणी अशी करा : माझ्या तुकडीचे सर्व तास, प्रात्यक्षिके आणि परीक्षेची बैठक तळमजल्यावर घ्यावी. विषय, वार आणि खोली क्रमांकांसह तक्ता जोडा. तक्ता दिला की वेळापत्रक समितीला "पाहू" म्हणणे अवघड जाते.

रॅम्पच्या बाबतीत मोजमाप लिहून मागा. प्रमाण 1:12, म्हणजे 15 सेंटिमीटरच्या तीन पायऱ्यांसाठी 5.4 मीटर लांबी, आणि दोन्ही टोकांना दीड मीटर सपाट जागा. पायऱ्यांवर दोन मीटरची फळी टाकली तर चढ इतका तीव्र होतो की खुर्ची मागे उलटते. दारात उंबरा राहिला तर चांगला रॅम्पही वाया जातो. स्वच्छतागृहाचे दार 90 सेंटिमीटर मोकळे आणि बाहेर उघडणारे हवे, आत खुर्ची वळायला दीड मीटर व्यासाची जागा हवी. त्याला कुलूप असेल तर किल्ली कोणाकडे, हेही अर्जातच विचारा.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चे कलम 16 मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांबाबत आहे. इमारत सुगम असणे आणि गरजेनुसार सोय मिळणे, दोन्ही त्यात येतात, त्यामुळे अर्जात त्याचा उल्लेख करा. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर विद्यापीठाच्या समान संधी कक्षाकडे जा, आणि तिथेही काही झाले नाही तर पुण्याला राज्य दिव्यांग आयुक्तांकडे. तक्रारीत भावना थोडक्यात मांडा. आवक शिक्क्याची प्रत, जिन्याचे फोटो आणि बुडालेल्या तासांच्या तारखा मात्र एकही न गाळता जोडा.