मुठीतली वाळू आणि उधारीची वही

आकडे बघावेत की अंदाजावर चालावं? घरच्या धंद्यात दुसरी पिढी आली की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. त्यावर मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीवाल्या, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणाऱ्या, बापलेकांची गोष्ट सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.

वडील तीस वर्षं भट्टीपाशी उभे राहिलेले. मुलगा पुण्याहून एमबीए करून आलेला. "संगणकात बघून मला लोखंड शिकवूलालाय," वडील म्हणाले. मुलाची तक्रार अशी, की बाबा "मला कळतंय" म्हणतात आणि पुढचं बोलणंच खुंटतं.

"काका, वाळूत पाणी जास्त झालं हे कसं ओळखता?" मी विचारलं. लोखंड ओतायचे त्यांचे साचे ओलसर वाळूचे. त्यांनी हवेतच मूठ आवळली. वाळूचा गोळा दाबायचा, मोडायचा, कडा कशा तुटतात ते बघायचं. बेळगावच्या जुलैत, भिंतीसुद्धा घाम धरतात तेव्हा, ही मूठ फार मोलाची. ओल जास्त राहिली की वाफ अडकते, कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या भागात, ब्लोहोल (पोकळ भोकं) पडतात, आणि चूक एक-दोन दिवसांत हातात येते. तीस वर्षं रोज परीक्षा, लगेच निकाल.

"आणि गिऱ्हाईक पैसे देईल की नाही, हे?"

"माणूस बघून."

इथं निकाल आठ-दहा महिन्यांनी. तोवर काय बघून उधारी दिली तेही आठवत नाही.

डॅनियल कानेमन हे अंतःप्रेरणेवर शंका घेणारे, तर गॅरी क्लाइन हे अग्निशमन अधिकाऱ्यांचा अभ्यास करून तिची बाजू घेणारे मानसशास्त्रज्ञ. २००९ साली दोघांनी मिळून लेख लिहिला. परिस्थितीला काही नियम असेल आणि चूक-बरोबर लवकर कळत असेल, तिथंच अनुभवी माणसाचा अंदाज भरवशाचा, यावर त्यांचं जमलं.

म्हणून वाळू काकांकडे ठेवली, उधारी मुलाच्या तक्त्यात. लघुउद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असं २००६ चा कायदा सांगतो. त्यापुढचं बिल तांबड्या रंगात. मुलालाही टोकलं. एका वर्षाच्या बिलांवर तो पाच वर्षांच्या विस्ताराचं गणित मांडून बसला होता. तोही अंदाजच, फक्त इस्त्री केलेला.

काका महिनाभर रुसले. तांबड्या यादीत पहिलं नाव त्यांच्या जुन्या दोस्ताचं होतं. शेवटी "त्याला मीच फोन करतो" म्हणाले.

आता वाळूची ओल मोजायचं यंत्रही आलंय. ते लावण्याआधी काका मूठ दाबून आकडा सांगतात, मुलगा लिहून घेतो. चुकले की आधी यंत्राला शिव्या.