एनआयसीयूतल्या बाळाच्या रक्तात फंगस निघालं म्हणजे नक्की काय? चूक कोणाची?

दादा, तुमचा प्रश्न वाचला. बहिणीला सातव्या महिन्यात बाळ झालं, वजन ११०० ग्रॅम, १८ दिवसांपासून पेटीत आहे, आणि आता डॉक्टर म्हणतायत रक्तात फंगस आहे. हे अस्वच्छतेमुळे झालं का, बाळ वाचेल का, आणि घरचे म्हणतायत म्हणून बहिणीचं दूध बंद करायचं का, असं तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत, सिस्टर आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे डोस वगैरे मी सांगणार नाही. बाकी जे रोज बघते ते सांगते.

आधी एक गोष्ट. बाळांच्या जिभेवर दह्यासारखा पांढरा थर येतो, ड्रॉप लावले की जातो, हे ते नाही. बुरशी त्याच जातीची, कॅन्डिडा, पण रक्तात शिरली की ती किडनी, डोळे, मेंदू, हृदयाची झडप कुठेही जाऊन बसते. मोठा आजार आहे, खोटा धीर देत नाही. एक किलोच्या आतली बाळं असतील तर अमेरिकेतल्या चांगल्या युनिटमध्येही साधारण तीनातलं एक जातं. तुमचं बाळ त्याच्यापेक्षा थोडं वर आहे आणि निदान झालंय, हे दोन्ही चांगलं, कारण निदान होणंच अवघड असतं. एवढ्याशा बाळाचं रक्त काढणार किती, जेमतेम १ एमएल, आणि बुरशी बाटलीत वाढायला दोन-तीन दिवस घेते, कधी शरीरात असूनही कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायची ही टेस्ट, निगेटिव्हच येतं. आम्हाला शंका येते ती वेगळ्याच गोष्टींवरून. बाळ सुस्त पडतं, मध्येच श्वास घ्यायचं विसरतं, दूध पचत नाही, शुगर उगाच चढायला लागते आणि प्लेटलेट काल दीड लाख होत्या त्या आज चाळीस हजार. असा रिपोर्ट आला की आमचे सर फंगसचा विचार करतातच.

आता झालं कसं. बाळाला आईकडून रोगाशी लढायची जी रसद मिळते ती बरीचशी शेवटच्या तीन महिन्यांत मिळते, ते महिने याला मिळालेच नाहीत. कातडी कागदासारखी पातळ. त्यात हातातून हृदयाजवळपर्यंत गेलेली धाग्यासारखी लाँग लाइन, त्यातून टीपीएन, म्हणजे शिरेतून दिलं जाणारं पोषण, आणि फॅटचं सलाईन, नाकातोंडात नळ्या. हे सगळं बाळ जगावं म्हणूनच लावलेलं असतं, आणि बुरशीला आत यायला वाटही तीच मिळते.

आणि अँटिबायोटिक. यावर मी जरा जास्तच बोलते, वॉर्डात सगळ्यांना माहितीये. पोटात चांगले-वाईट जे बॅक्टेरिया असतात ते हेवी अँटिबायोटिकने साफ झाले की एसटीत सीट रिकामी झाल्यावर रुमाल टाकतात तशी बुरशी जागा पकडते, कारण अँटिबायोटिक तिला काही करत नाही. आमच्याकडे बाहेरून बाळं रेफर होऊन येतात ती कित्येकदा मेरोपेनेम या हेवी अँटिबायोटिकवरच असतात, आणि सुरू करायच्या आधी कल्चर पाठवलं का विचारलं तर उत्तर नाही. नातेवाईकही म्हणतात, डॉक्टर, पैशाकडे बघू नका, भारीतलं औषध द्या. माझ्या मते ४८ तासांनी कल्चर स्वच्छ आलं आणि बाळ बरं दिसतंय म्हणून अँटिबायोटिक बंद करायची हिंमत जो डॉक्टर करतो तो खरा चांगला डॉक्टर, पण बाहेर त्याचंच नाव खराब होतं, "काही देतच नाहीत" म्हणून.

मग हॉस्पिटलची चूक? एका बाळावरून सांगता येत नाही, चांगल्यातल्या चांगल्या युनिटमध्येही होतं. पण एकाच वॉर्डात थोड्या दिवसांत दोन-चार बाळांना एकाच जातीची बुरशी निघाली तर मात्र विचारायलाच हवं, कारण मग ती बहुतेक हातांवरून फिरतेय. चंदीगडच्या पीजीआयसारख्या मोठ्या संस्थेत १९९६ ते १९९८ मध्ये पिकिया अनोमाला नावाच्या यीस्टची, म्हणजे एका बुरशीची, अशीच साथ आली होती, ३७९ नवजात बाळं आणि मुलं, आणि शोध घेतला तर ते यीस्ट स्टाफच्या हातांवर निघालं. त्यांनी ते लपवलं नाही, छापलं, म्हणून आपल्याला माहितीये. म्हणून सांगते, कुठलाही डॉक्टर किंवा सिस्टर, कितीही मोठी असो, हात न धुता बाळाला लावत असेल तर तिथेच टोका, राग आला तर येऊ दे.

रिपोर्टवर कॅन्डिडाच्या पुढे एक नाव असतं, ते विचारून घ्या. अल्बिकन्स असेल तर बहुतेक औषधं चालतात. पॅराप्सिलोसिस प्लास्टिकला आणि हाताला चिकटणारी. क्रुसीवर फ्लुकोनाझोल हे बुरशीचं नेहमीचं औषध चालतच नाही, आणि ऑरिसवर बहुतेकदा नाही. ही ऑरिस २००९ मध्ये जपानात एका बाईच्या कानात पहिल्यांदा सापडली, आता जगभर झालीये, डब्ल्यूएचओने धोकादायक बुरशींच्या २०२२ च्या यादीत तिला सगळ्यात वरच्या गटात टाकलंय. जुन्या पद्धतीच्या मशीनवर ती दुसऱ्याच नावाने निघायची, म्हणून नाव नक्की आहे का हेही विचारा.

दुसरं विचारा, लाइन काढली का? बुरशी त्या नळीवर बुळबुळीत थर करून बसते, त्या थराच्या आत औषध नीट पोचत नाही, त्यामुळे शक्य असेल तर ती काढायचीच. एवढ्याशा बाळाला दुसरी शीर शोधणं हे काय असतं ते आम्हाला विचारा, पण काढावी लागते.

मग ते पाठीतलं पाणी तपासायचं म्हणतील. इथे निम्मे नातेवाईक सही करत नाहीत, पाठीत सुई म्हटलं की घाबरतात. प्लीज करा. कमी दिवसांच्या बाळात बुरशी गुपचूप मेंदूत जाते, आणि गेली असेल तर औषध कुठलं आणि किती दिवस ते सगळं बदलतं. तसंच डोळे तपासणं, पोटाची सोनोग्राफी आणि हृदयाचा टूडी इको. किडनीत कधी कधी बुरशीचा अक्षरशः गोळा होतो, लघवी अडते.

औषध बहुतेक अॅम्फोटेरिसिन लावलं असेल. ते ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच घालतात, साध्या सलाईनमध्ये घातलं तर फुटतं, आणि सिरिंज पंपावर काही तास हळूहळू सोडतात. त्याने पोटॅशियम उतरतं, किडनीवर ताण येतो, म्हणून मधूनमधून रक्त काढतात, त्यावरून भांडू नका. लायपोसोमल म्हणून महागडा प्रकार येतो, लोक तोच द्या म्हणून हट्ट करतात. मोठ्या माणसांचं वेगळं, पण नवजात बाळांना साधं अॅम्फोटेरिसिन बऱ्यापैकी सोसतं, आणि किडनी-लघवीत इन्फेक्शन असेल तर लायपोसोमल तिथे कमी पोचतं, मग साधंच बरं. डॉक्टरांनी स्वस्तातलं दिलं म्हणजे दुर्लक्ष केलं असं नाही.

आणि १४ दिवस सांगितले असतील तर ते आजपासून नाही मोजायचे, कल्चर निगेटिव्ह आलं त्या दिवसापासून. यावरून दर वेळी वाद होतो, "तुम्ही चौदा म्हणालात, आता वीस झाले".

राहिलं बहिणीचं. घरात कोणी म्हणत असेल की तिच्या अंगावरून किंवा दुधातून गेलं, तर त्यांना गप्प करा. आईकडून येणारी बुरशी सहसा पहिल्या काही दिवसांत, बरेचदा अंगावर पुरळ येऊन दिसते. लाइन आणि अँटिबायोटिकवर असलेल्या १८ दिवसांच्या बाळाची गोष्ट बहुतेकदा वेगळी असते. दूध तर अजिबात बंद करू नका, जितकं लवकर बाळ दुधावर येईल तितकी लवकर लाइन आणि टीपीएन सुटतं. दूध कमी येत असेल तर मिल्क बँक आहे का विचारा, मुंबईत सायन हॉस्पिटलला १९८९ पासून आहे, आता बऱ्याच ठिकाणी झाल्यात. दूध काढायला पंप वापरत असेल तर त्याचे भाग उकळून पूर्ण कोरडे करायचे, ओलसर ठेवून झाकण लावायचं नाही. निपलला आग किंवा खाज असेल तर लाजू नको, राउंडला आल्यावर डॉक्टरांना सांग म्हणावं, दोघांना एकदम औषध देता येतं.