संकल्प ‘सोडला’ म्हणजे केला की टाकला?

दिंडोरी तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरची द्राक्षबाग. ऑक्टोबर छाटणीला कात्री लागली की त्यांचं खरं नवं वर्ष सुरू होतं. यंदा कामांची लांबलचक यादी करण्याऐवजी हंगामभर मनाशी बाळगायला एकच शब्द निवडायचा आणि तो शेडच्या भिंतीवर लिहायचा, असं त्यांनी ठरवलंय. डोक्यात ‘सातत्य’ आणि ‘सकारात्मकता’ आहेत. अशा शब्दाला मराठीत म्हणायचं काय? ‘मार्गदर्शक शब्द’ त्यांना रुचत नाही. जाता जाता त्यांनी हेही लिहिलंय : “आजेसासूबाई रोज विचारतात, ‘संकल्प सोडलास का गं?’ मी म्हणते, ‘सोडीन कशी? अजून सुरूसुद्धा केला नाही.’ त्या नुसत्या बघत राहतात.”

आधी आजेसासूबाईंचं घेतो, कारण त्यांचं मराठी अगदी बरोबर आहे. संकल्प सोडणे म्हणजे संकल्प करणे. पूजेला बसल्यावर उजव्या तळहातावर पळीभर पाणी घेतात, काय करणार ते बोलतात आणि ते पाणी बोटांवरून ताम्हनात सोडतात. सुटतं ते पाणी, पण बोलता बोलता क्रियापद संकल्पालाच जाऊन चिकटलं. दान देतानाही असंच उदक सोडतात, तिथे वस्तूवरचा हक्क सुटतो. व्यापारी माल उचलून पसार झाला की बागायतदार ज्या पैशांवर ‘पाणी सोडतो’, ते पाणी आणि आजेसासूबाईंच्या संकल्पाचं पाणी एकाच पळीतलं.

ज्यांच्या डोळ्यांसमोर ताम्हन नाही, त्यांना ‘सोडला’ म्हणजे ‘टाकून दिला’ वाटणं स्वाभाविक आहे. ‘त्यानं तंबाखू न खाण्याचा संकल्प सोडला’ हे वाक्य आजी आणि नात नेमक्या उलट अर्थांनी वाचतील. त्यामुळे लिहिताना ‘संकल्प केला’ म्हणावं, हे माझं मत. घरात बोलताना मात्र ‘सोडणे’ जरूर जपावं, त्यात ती सगळी कृती साठवलेली आहे.

त्या कृतीत आणखी एक गोष्ट आहे, जी तुमच्या प्रश्नाशी थेट जुळते. संकल्प हवेत करत नाहीत. संवत्सर, अयन, ऋतू, महिना, पक्ष, तिथी असं सगळं उच्चारून मगच ‘करिष्ये’, म्हणजे ‘मी करीन’, म्हणायचं. म्हणजे ऋतूचं नाव घेऊन मनातलं बोलणं आपल्याकडे मुळातच आहे. आणि जागाही सांगायची. पुण्यात ‘गोदावर्याः दक्षिणे तीरे’ म्हणतात. नाशकात मात्र होळकर पूल ओलांडला की शब्द बदलतो : जुन्या गावात ‘दक्षिणे तीरे’, पंचवटीत ‘उत्तरे तीरे’. तुमची दिंडोरी उत्तर तीरावरची. आपण नेमके कुठे उभे आहोत हे सांगितल्याशिवाय पुढचं बोलूच द्यायचं नाही, ही रीत मला फार मोलाची वाटते.

‘करिष्ये’ हे रूपही सहज आलेलं नाही. संस्कृत क्रियापदांच्या रूपांचे दोन प्रकार, परस्मैपद आणि आत्मनेपद; हे आत्मनेपद. क्रियेचं फळ करणाऱ्यालाच मिळणार असेल तर आत्मनेपद, असं पाणिनीचं सूत्र आहे (१.३.७२). दुसऱ्यासाठी केलं तर ‘करिष्यामि’.

आता नाव. ‘मंत्र’ शब्द ‘यशाचा मंत्र’वाल्यांनी पार झिजवून टाकलाय. ‘ब्रीद’ संस्कृत ‘बिरुद’वरून आलं, ते चारचौघांत मिरवायचं, संस्थेला शोभतं. ‘वसा’ गोड आहे. ‘उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही’ हे श्रावणातल्या कहाण्यांमुळे कानात बसलेलं असतं. पण वसा म्हटलं की ठरलेला विधी आणि उद्यापन येतं. (भाषणांत ‘वसा आणि वारसा’ जोडीनं फिरतात, म्हणून सांगतो : वारसा आपसूक मिळतो, वसा स्वतःहून घ्यावा लागतो.)

‘नेम’ मला जवळचा वाटला होता. ‘नियम’चाच तो झिजून झालेला. शिवाय नेम म्हणजे निशाणाही, म्हणून ‘नेम धरणे’ दोन्हीकडे चालतं. बागायतदाराला तर तो रोजचाच : पावसाचा नेम नाही, भावाचा नेम नाही. पण नेम कृतीचा असतो, पहाटे उठण्याचा, एकादशीचा. एका शब्दाला नेम म्हणता येत नाही.

मग उरतो ‘शब्द’च, आणि तोच मला पुरेसा वाटतो. मराठीत शब्द म्हणजे वचनसुद्धा. शब्द देतात, पाळतात, राखतात, फिरवतात. शब्दाला जागतात. तेव्हा सरळ ‘हंगामाचा शब्द’ म्हणा. हंगामासाठी निवडलेला आणि हंगामाला दिलेला, दोन्ही अर्थ त्यात येतात. ‘मार्गदर्शक’ हे ओझं कशाला?

निवडीबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगतो. ‘सकारात्मकता’ नको. ती कुणी कुणाला हाक मारून सांगू शकत नाही. ‘सातत्य’ बरं, पण प्रगतिपुस्तकातलं वाटतं. शब्द असा हवा, की विरळणीच्या वेळी बायकांशी बोलताना सहज तोंडात यावा. माझ्या मनात ‘निगा’ आहे. फारसी ‘निगाह’, म्हणजे नजर, तिच्यापासून तो आला. बागेची निगा म्हणजे मुळात बागेकडे बघत राहणं. ऑक्टोबरमध्ये काडीवर जो डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, राखायचा, त्यातला घड एप्रिलच्या खरड छाटणीनंतर उन्हाळ्यातच आत तयार झालेला असतो, वरून दिसत नाही. म्हणून काही जण छाटणीआधी काडी तपासून घेतात आणि मगच कितव्या डोळ्यावर कापायचं ते ठरवतात. इतकं निरखून बघण्याला मराठीत याहून नेमका शब्द मला सुचत नाही.

फक्त काळजी ‘घेतात’, निगा ‘राखतात’, एवढं सांभाळा. आणि भिंतीवर लिहिताना ‘हंगामाचा शब्द’ आणि पुढची दोन टिंबं यांत थोडी जागा सोडा. चिकटून काढलीत तर त्यांचा विसर्ग होईल आणि आजेसासूबाई ‘शब्दः’ वाचतील.