क्विल्टला गोधडी म्हणावे काय?

ठाण्याच्या नौपाड्यातील एक वाचक भगिनी नातवंडांसाठी आणि शेजारच्या लेकीसुनांसाठी सुती कापडाचे चौकोनी तुकडे जोडून हौसेने ‘क्विल्ट’ शिवतात. त्या त्याला गोधडी म्हणतात. पण गोधडी जुन्या लुगड्यांची असते, नव्या कापडाची ती रजई, असे मैत्रिणींचे म्हणणे आहे. यांत बरोबर कोण, असा त्यांचा प्रश्न आहे.

माझ्या मते गोधडीच बरोबर, आणि त्याची खूण क्रियापदात सापडते. आपण रजई ‘भरतो’, गोधडी ‘शिवतो’. रजईच्या खोळीत पिंजलेला कापूस भरला की मुख्य काम झाले. नंतरचे विरळ टाके कापूस एका कोपऱ्यात गोळा होऊ नये एवढ्यासाठीच असतात. (दुलईही कापसाचीच, पण पातळ.) गोधडीचे थर मात्र कडेपासून मध्यापर्यंत ओळींनी घातलेल्या धावदोऱ्यामुळेच एकमेकांना धरून राहतात, आणि तो दोरा उसवला तर हाती सुटी कापडे तेवढी उरतात. या बाईंच्या कामात वरचे कापड आणि अस्तर यांच्यामध्ये कापसाचा पातळ थर असला, तरी सगळा भार धावदोऱ्यावरच आहे. शिवाय रजई आपण केवळ पांघरतो, तर गोधडी अंथरतो आणि पांघरतोही. ठाण्याच्या बेताच्या थंडीत हा दुहेरी उपयोग सोयीचाच.

जुन्या कापडाचा आग्रह काटकसरीतून आला, आणि धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याची ऊब नव्या कापडाला येत नाही, हेही खरेच. परंतु तो सामग्रीचा प्रश्न झाला, रचनेचा नव्हे. गंमत अशी की ‘क्विल्ट’ हा शब्द ज्या लॅटिन ‘कुल्किता’वरून आला, तिचा अर्थ भरलेली गादी असा आहे, म्हणजे शब्दाचे माहेर रजईकडचे आणि आजचे नांदणे गोधडीकडचे.

सातारा-कोल्हापूरकडून ठाण्यात आलेल्या घरांत हिलाच ‘वाकळ’ म्हणतात, तेही चुकीचे नाही. माझ्या कानाला मात्र वाकळ अधिक जाड आणि ओबडधोबड वाटते. तान्ह्या बाळासाठी दोनच पदरांचे शिवले असेल, तर त्याला ‘दुपटे’ हे नाव आहेच. ‘पॅचवर्क’ला कोणी ‘ठिगळकाम’ सुचवले, तर ते मात्र स्वीकारू नये, कारण ठिगळ फाटलेल्यावर लावतात आणि येथे काहीच फाटलेले नाही.